ग्रिफिदचा शेंकिन

मेरेडिद दारात येऊन उभा राहिला तेव्हा लोवरी नवऱ्याच्या अंगाखालचं गवत बदलत होती. दार उघडंच होतं. धूर बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. मेरेडिदच्या टोपीवरून पाऊस गळत होता, बूट चिखलानं बरबटले होते. आत यायचं तर वाकावं लागलं असतं, म्हणून तो बाहेरच थांबला.

"जागा आहेस का रे?"

"जागाच हाय," इथेल आतून म्हणाला. "निजून निजून झोपबी कंटाळली माझी."

ऑक्टोबरात मेरेडिदचाच चुना किनाऱ्यावरून आणताना उतारावर घोडा घसरला होता आणि भरली गाडी इथेलच्या पाठीवर आली होती. तेव्हापासून त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. छाती, खांदे, हात सगळं पूर्वीसारखं भक्कम. कमरेखाली मात्र भिजलेलं पोतं. त्या साली पावसानं ओट्सच्या पेंढ्या शेतातच काळ्या पडल्या होत्या आणि मोठ्या शेतांवरची माणसंही कमी झाली होती. लोवरी कुंपणाच्या काट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर वेचायची, तिचे मोजे विणायची, आणि आठवड्यातले तीन दिवस हेंदरच्या गोठ्यातलं शेण काढायची. हेंदर म्हणजे मेरेडिदचं शेत. यंदा पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावाच्या, गोरगरिबांचं कामही त्याच्याकडं होतं. कुणाला जवाचा पाव द्यायचा आणि कुणाला हद्दीबाहेर काढायचं, ते तो बघायचा.

"तू मदत मागितलीस म्हणून आलो. मला सांग, जन्मलास कुठं?"

सगळ्या डोंगराला ते ठाऊक होतं. इथेलची आई एका उन्हाळ्यात पायी इंग्लंडातल्या बागा खुरपायला गेली होती, आणि परतताना हेरेफर्डच्या बाजूला कुणाच्या तरी गोठ्यात बाळंत झाली होती. लहानपणी पोरं त्याला 'ए साहेब' म्हणून हाक मारायची.

"इंग्रजाच्या गोठ्यात," इथेल म्हणाला.

"मग कायद्यानं तू त्यांचा. आपल्या पॅरिशनं तुला का पोसावं? तिकडं नवा गरीबखाना बांधलाय, चांगला दगडी. तिथं पोचवतील."

"तीन आठवड्यांचा व्हतो तवापासनं हितं हाय मी. माझी दोन लेकरं हितं चॅपेलच्या आवारात पुरलीत."

"राहून माणूस इथला होत नाही, इथेल. बाप कुठला ते दाखव. बाप इथला निघाला तर तू इथला. शेजारच्या हद्दीतला निघाला तर तिथला."

"बाप?" इथेलनं कोपरांवर जोर देऊन छाती उचलली. "घ्या लिहून. इथेल शेंकिनचा. शेंकिन ग्रिफिदचा. ग्रिफिद मडोगचा. मडोग कडोगनचा..."

नऊ पिढ्या तो एका दमात म्हणाला. म्हणताना त्याचा चेहरा बदलला. कुणाकडं मेंढ्या होत्या, कुणाकडं कुरणं होती. इथेलकडं या नऊ पिढ्या होत्या. बापानं मांडीवर बसवून त्या घोकून घेतल्या होत्या. आणि बाप तरी कसा! शेंकिन चॅपेलमध्ये प्रार्थना सांगायला उभा राहिला की पलीकडच्या खोऱ्यातली माणसं ऐकायला येत.

मेरेडिदनं टोपी झटकली. "छान म्हणतोस. पण मॅजिस्ट्रेटला गाणं नको, कागद पाहिजे. तुझ्या बापाचा नाहीतर आजाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चच्या चोपडीत आहे, ते काढून आण. मार्चच्या पहिल्या सोमवारी खानावळीच्या माडीवर बसणार आहेत ते."

"ह्यांचा आजा लानदेवरचा," लोवरी म्हणाली. "बैलांचे कळप हाकत लंडनला जायचा. मी जाऊन बघते."

इथेलनं तिच्याकडं पाहिलं, आणि मग भिंतीकडं तोंड केलं.

लानदेवर डोंगरापलीकडं, दोन प्रहरांची वाट. लोवरी अंधुकातच निघाली. इथेलच्या उशाशी पाण्याचं मडकं आणि उकडलेले चार बटाटे ठेवले होते. दलदलीतून चढताना तिचे हात मोजा विणत होते आणि पाय आपले आपण दगड शोधत होते. माथ्यावर वाऱ्यानं दोनदा तिला खाली बसवलं.

तिथल्या चर्चचा कारकून शाळामास्तरही होता. आपल्याच मुलखातला माणूस, पण बोलताना मध्ये मध्ये इंग्रजी पेरायचा.

"चोपडी उघडायची फी असते."

"फी न्हाई माझ्याकडं, मास्तर."

त्यानं तिच्या हातांकडं बघितलं. "फरशी पुसता येते ना?"

फेब्रुवारीच्या ओढ्याचं पाणी आणून तिनं वेदीपासून दारापर्यंतची फरशी घासली. गुडघ्याखालच्या दगडाचा गारठा हाडापर्यंत जात होता. शेवटी शेवटी बोटं ब्रशभोवती मिटली ती उघडेनात. दुसऱ्या हातानं एकेक सोडवावं लागलं. मग मास्तरनं लोखंडी पेटीतून चोपडी काढली.

"आडनाव?"

"शेंकिन."

"आजाचं आडनाव शेंकिन?"

"न्हाई, आजाचं नाव ग्रिफिद. मडोगचा ग्रिफिद."

"म्हणजे शेंकिन हे सासऱ्याचं आडनाव?"

"सासऱ्याचं नाव व्हतं ते."

"बापाचं एक, पोराचं दुसरं, नातवाचं तिसरं!" मास्तर हसला. "अगं, मेंढ्यांच्यासुद्धा कानाला एकच खूण असते."

लोवरीला वाचता येत होतं; चॅपेलच्या रविवारच्या शाळेत तिनं सगळं बायबल वाचलं होतं. पण ते आपल्या बोलीतलं. ही चोपडी इंग्रजीत होती, आणि तिला त्याच्या बोटाकडं बघत उभं राहण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. बोट चाळीस वर्षं खाली उतरलं. ग्रिफिद अकरा निघाले. मडोगचा एकही नव्हता.

"नीट बघितलंत ना?"

"फरशी तू नीट पुसलीस का? तेवढंच नीट बघितलं मी."

परत येईतो रात्र झाली होती. मडकं पालथं पडलं होतं आणि इथेल पाण्यात आणि घाणीत पडून होता. तिनं काही न बोलता त्याला पुसलं, बाजूला ओढलं, कोरडं गवत घातलं. तो छताकडं बघत राहिला. नंतर म्हणाला, "पाय दे हिकडं." तिनं चुलीपुढं पाय पसरले. त्यानं बदकाची चरबी घेतली आणि आपल्या जाड अंगठ्यांनी तिच्या भेगाळलेल्या टाचांवर चोळली, किती तरी वेळ.

"सापडलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई सापडायचं. लई जुनं हाय."

"लानवेरिदला बघते. बाप्तिस्मा आजोळी झाला असंल."

त्याचे अंगठे थांबले आणि मग पुन्हा चालू लागले.

लानवेरिदला तिनं दिवसभर पाद्र्याच्या बायकोची बदकं सोलली. तिथली चोपडी भिजून खालून अर्धी कुजली होती. पानं उलटताना त्यांचा भुगा हातात येत होता. तिसऱ्या चर्चमध्ये तिला ओसरीवरच थांबवलं. चॅपेलवाल्यांची, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या पंथाची बाई, म्हणून. कारकून आत जाऊन आला, म्हणाला, "नाही." आत जाऊन तो नुसता पाणी पिऊन आला असावा, इतका लवकर परतला. तिथून येताना पाऊस बर्फासारखा झाला. कंबर धरून ती एका मेंढवाड्याच्या भिंतीआड बसली आणि प्रथमच तिला वाटलं की उठूच नये.

पण घरी इथेल होता. ती उठली.

सोमवारला दहा दिवस राहिले असताना ती आपल्याच गावच्या चर्चवरून शेणाची पाटी घेऊन चालली होती. म्हातारा गेथिन कबर खणत होता. तोच कारकून, तोच घंटा वाजवणारा, तोच कबरी खणणारा. कमरेइतक्या खड्ड्यातून त्यानं हाक मारली.

"लोवरे, सगळ्या मुलुखाच्या फरश्या पुसतीस म्हणं. आमची तेवढी ऱ्हायली का?"

"ह्यांचा आजा डोंगरापल्याडचा, गेथिनकाका."

"आजा आसंल. पर शेंकिन? शेंकिन तर हितंच वाढला. माझा थोरला भाऊ आन् तो संगं मेंढरं राखायचे. हितली चोपडी बघितलीस का?"

तिनं पाटी भिंतीवर टेकवली. ज्या चर्चपुढून रोज जायचं त्याची चोपडी बघायचं तिला सुचलंही नव्हतं. इथेलनं आजाचं सांगितलं, ती आजाच्या मागं फिरली.

गेथिननं हात विजारीला पुसले. त्यानं फी मागितली नाही, ब्रशही दिला नाही. खिडकीशी चोपडी धरून तो पुटपुटत पानं उलटू लागला. एका पानावर त्याचं पुटपुटणं थांबलं. त्यानं चोपडी मिटली, पण बोट आत राहू दिलं.

"काय हाय काका?"

"सासूनं, नवऱ्यानं कधी काय सांगितलं न्हवतं तुला?"

"काय?"

त्यानं चोपडी उघडली आणि शब्दाशब्दाला थांबत आपल्या बोलीत सांगितलं. "सतराशे अडुसष्ट. मे महिना. शेंकिन. मालेनचा अनौरस पोरगा. मालेन, वरल्या गिरणीवरची मोलकरीण. बापाचं नाव सांगत न्हाई."

मालेन आजी. इथेलच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. गिरणीवर होती, पीठ लागलेल्या हातांनी नातवाचे गाल ओढायची.

"आन् ग्रिफिद?"

"ग्रिफिद न्हाई. कुणीच न्हाई."

लोवरी भिंतीला टेकली. गेथिननं तिचा खांदा हलवला. "अगं, सुटलीस की! बिनबापाचं पोर जिथं पडलं तिथलं. त्या वक्ताला कायदाच तसा व्हता. शेंकिन हितला, म्हंजे इथेल हितला. मेरेडिदला पाव द्यावाच लागंल." मग त्याचा आवाज खाली आला. "माझ्या तोंडातनं ह्यो शब्द बाहेर जायचा न्हाई. पर मॅजिस्ट्रेटपुढं वाचावा लागंल. आन् मालेन माझी आजी असं इथेलला शपथंवर सांगावं लागंल. न्हाईतर शेंकिन काय, धा निघत्यात."

त्यानं नक्कल लिहून दिली. ती तिनं चोळीत ठेवली आणि पाटी उचलली. हेंदरपर्यंत जाताना तिला मध्येच हसू येत होतं आणि मध्येच ती चोळीवरून कागद चाचपत होती.

रविवारी ती इथेलची दाढी करायची. गळ्यावरचा वस्तरा पुसून झाल्यावर तिनं सांगितलं. सगळं, गेथिननं वाचलं तसं. साबण त्याच्या अर्ध्या गालावर वाळत गेला.

"दुसरी कुनी मालेन आसंल."

"गिरणीवरची मालेन. तुमीच सांगितलंय."

"त्यो कागद चुलीत घाल."

"न्हाई घालायची."

"लोवरे, माझा बाप चॅपेलच्या दारापुढं पुरलाय. आत जानारं माणूस त्याच्या दगडाला हात लावून जातंय."

"आन् तुमी कुठं पुरले जाल? त्या इंग्रजांत? तुमच्यावर परार्थना कोण म्हननार, आन् कुठल्या भाषंत? मला तिथं कुनाला पाणी मागायला यायचं न्हाई. तुमच्या बापाला काय फरक पडतोय? तो मेलाय. आपुन जिते हाय."

तिनं वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला आणि दुसरा गाल केला. त्यानं मान तिला पाहिजे तशी वळवू दिली. तिला वाटलं, पटलं असावं. आठ दिवस तो त्या विषयावर बोलला नाही, आणि तिनंही काढला नाही.

सोमवारी चॅपेलच्या चार माणसांनी त्याला फाटकाच्या फळीवर घालून खानावळीत आणलं. जिना अरुंद, वर नेताना फळी उभी करावी लागली आणि इथेलला पोत्यासारखं दोरीनं बांधावं लागलं. खाली बिअर पिणारे वर मान करून बघत होते. माडीवर नेल्यावर ते चौघं गेले नाहीत. भिंतीला टोप्या हातात धरून उभे राहिले. आपल्या शेंकिनच्या मुलाचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. लोवरीच्या मनात आलं, ह्यांना जा म्हणावं. पण काय सांगून घालवणार?

दोन मॅजिस्ट्रेट होते. एकाला सर्दी झाली होती. त्यांना लोकांची बोली येत नव्हती. मेरेडिद सांगायचा आणि एक लेखनिक इकडचं तिकडं करायचा. लोवरीनं कागद टेबलावर ठेवला. सर्दीवाल्यानं वाचला, दुसऱ्याला दाखवला. दुसरा किंचित हसला. लेखनिकानं इथेलच्या हाताखाली बायबल सरकवलं.

"साहेब विचारतात, गिरणीवरची मालेन ही तुझी आजी का? तिचा अनौरस मुलगा शेंकिन, तो तुझा बाप का?"

भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकी एकाची टोपी हातातून पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

इथेल लोवरीकडं बघत नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "मालेन नावाची मला आजी न्हवती. माझा बाप ग्रिफिदचा शेंकिन. ग्रिफिद मडोगचा. मडोग..."

"खोटं हाय!" लोवरी पुढं झाली. "अवं, सांगा की! साहेब, त्यांची आजीच हाय ती, मला त्यांनीच..."

"बाई, गप्प," मेरेडिद म्हणाला. "नवऱ्याच्या आजीबद्दल तू काय साक्ष देणार? तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

सर्दीवाल्यानं नाक पुसलं. लेखनिकानं त्याला दोन वाक्यं सांगितली. लेखणी शाईत बुडाली आणि हद्दपारीच्या कागदावर सही झाली. लोवरीची नक्कल टेबलाच्या कडेला तशीच राहिली. फळी उचलताना चौघांतला सगळ्यात म्हातारा वाकून इथेलच्या कानाशी म्हणाला, "शेंकिनचा लेक शोभलास." इथेलनं डोळे मिटून घेतले.

गाडी हेंदरचीच होती. शेळी आणि कढई शेजारणीला देऊन झाली. जाड घोंगडी, बायबल आणि विणायच्या सुया तेवढ्या बरोबर घेतल्या. गाडीवान मुका नव्हता, पण तीन दिवसांत घोड्याशिवाय कुणाशी बोलला नाही.

पहिला दिवसभर लोवरी नवऱ्याशी बोलली नाही. पडून पडून त्याच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. गाडीच्या हिसक्यांनी ती उघडली होती आणि वास येऊ लागला होता. त्याला पाठीवर टेकू देऊन चालत नव्हतं. दर तासाला गाडी थांबवून ती त्याला डाव्या कुशीवरून उजवीवर, उजवीवरून डावीवर करायची, मेलेला गुडघा उचलून दुसऱ्यावर ठेवायची. रस्त्याकडेला तिनं त्याची विजार उतरवून चिंध्या बदलल्या तेव्हा समोरून दोन घोडेस्वार गेले. त्यांनी नाकाला रुमाल लावले. सगळं तिनं केलं, पण शब्द उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर मागं पडले. माती तांबडी झाली, दोन्ही बाजूंना सफरचंदांची उघडी झाडं लागली. पाऊस थांबला होता.

"मला ठाऊक व्हतं," इथेल म्हणाला.

ती वळली.

"बाप मरताना सांगून गेला. त्या पिढ्या त्यानंच जुळवल्या व्हत्या. कुनाकुनाची नावं. एका म्हाताऱ्या वीणा वाजवनाऱ्याकडनं ऐकलेली. म्हनला, मला पोरं बिनबापाचा म्हनायची, तुला कुनी म्हनू नये म्हनून केलं. माझ्याकडनं वचन घेतलं."

"मग मला कशापायी चालू दिली?" लोवरीनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "तीन चर्चं फिरले मी. गुडघे फुटले माझे."

"आपल्या गावची चोपडी बघशील असं वाटलं न्हवतं."

"आन् दुसरीकडं सापडनार न्हाई, हे ठाऊक व्हतं."

"व्हय," तो म्हणाला. "तू मोकळ्या हातानं परत आलीस की मला बरं वाटायचं, लोवरे. द्येवाशप्पथ. तुझे पाय बघून जीव तुटायचा, आन् बरंबी वाटायचं. आता बायबलवर हात ठिवून खोटं बोललोय. वर तरी मला कोण घेनार?"

तिनं गाडीवानाला थांबायला सांगितलं आणि उतरली. गाडी पुढं गेली. ती मागून चालत राहिली. चालताना हात सुयांकडं गेले, पण लोकर संपली होती. दोन मैल गेले असतील. तो तिला हाक मारत नव्हता. मारली असती तर ती कदाचित आलीच नसती. मग तिला गाडीच्या फळीतून ओघळ खाली गळताना दिसला. ती धावत पुढं गेली, चाकावर पाय देऊन चढली आणि चिंध्या बदलायला बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गरीबखाना आला. नवा, दगडी, मेरेडिदनं सांगितल्यासारखाच. गाडीवानानं कागद दिला, पावती घेतली आणि घोडं वळवलं. एक जाड बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि लोवरीला काही म्हणाली. लोवरी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. बाईनं तेच जास्त मोठ्यानं म्हटलं.

दोन माणसांनी इथेलला उचललं आणि अंगणातल्या उजवीकडच्या, पुरुषांच्या दारानं नेलं. लोवरी मागं निघाली तर बाईनं दंड धरून डावीकडचं, बायकांचं दार दाखवलं.

"त्यांना पाठीवर निजवू नगा," लोवरी म्हणाली. "जखम हाय. सारखी कूस बदलावी लागती."

बाईनं मान हलवली. नाही म्हणून की कळलं नाही म्हणून, ते लोवरीला समजलं नाही. तिनं आपल्या पाठीला हात लावून दाखवला. बाईला वाटलं हिचीच पाठ दुखते. तिनं डावीकडच्या दाराकडं पुन्हा बोट केलं. उजवीकडच्या दारातून लोवरीला एक खाट दिसत होती, आणि त्या दोघांनी इथेलला त्या खाटेवर सरळ उताणा ठेवलेला दिसत होता. त्याचं तोंड उघडं होतं. तो ओरडत असावा, पण आवाज बाहेर येत नव्हता.

तेव्हा लोवरी अंगणातल्या ओल्या दगडांवर खाली निजली. डाव्या कुशीवर झाली. दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा, जणू तो मेलेलाच आहे असा, उचलून डाव्यावर ठेवला. थांबली, बोट वर करून एक दाखवलं. मग उजव्या कुशीवर झाली, डावा गुडघा उचलून ठेवला, दोन बोटं दाखवली. पुन्हा डाव्या. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बायका जमल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी हसणारीला गप्प केलं. किल्ल्यांच्या बाईला वाटलं हिला झटका आलाय. तिनं दोघींना बोलावलं, त्यांनी लोवरीला काखेत हात घालून उचललं. उजवीकडचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं.

"डाव्या कुशीवर," लोवरी त्या बंद दाराला ओरडून सांगत होती. "आधी डाव्या. मग उजव्या."